वास्तव फोटॉन आणि आभासी फोटॉन

सपाट आरशातील प्रतिमा आभासी असते, हे आपण माध्यमिक शाळेत शिकवतो. आरशासमोर पेटती मेणबत्ती ठेवली की आरशामागे तेवढ्याच अंतरावर दुसरी मेणबत्ती दिसते. प्रत्यक्षात तिथे उजेड नसतो, ऊब नसते आणि पडदा धरला तर त्यावर काही उमटत नाही. तरीही ते स्थान अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. आरशातील मेणबत्तीचे स्पष्ट छायाचित्र घ्यायचे असेल तर कॅमेऱ्याचा फोकस आरशाच्या काचेवर ठेवून चालत नाही. तो प्रतिमेच्या अंतरावर ठेवावा लागतो. जिथे काहीच नाही त्या जागेचा हिशेब अचूक ठरतो. किरण मागे वाढवून काढलेल्या त्या तुटक रेषा म्हणजे प्रकाश नव्हे, पण त्यांच्यावाचून आकृती पुरी होत नाही.

भौतिकशास्त्रात 'आभासी' हे विशेषण आणखी एका ठिकाणी येते, ते म्हणजे आभासी फोटॉन. विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत त्याचे वर्णन साधारण असे असते : दोन इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सतत आभासी फोटॉन फेकत असतात. बर्फावर उभ्या असलेल्या दोन मुलांनी एकमेकांकडे चेंडू फेकले तर ती जशी मागे सरकतील, तसे हे इलेक्ट्रॉन परस्परांपासून दूर ढकलले जातात. हे वाचून वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, "सर, मग इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांना ओढतात कसे? चेंडू फेकून कोणाला जवळ ओढता येते का?"

प्रश्न बिनतोड आहे. काही पुस्तके यावर ऑस्ट्रेलियातील बूमरँग पुढे करतात. पाठमोऱ्या मुलाने फेकलेले बूमरँग वळून दुसऱ्याला मागून लागते म्हणे! ही निव्वळ ठिगळपट्टी आहे. विद्यार्थ्याला पटत नाही ते त्याला विषय अवघड जातो म्हणून नव्हे. मूळ चित्रच चुकीचे आहे. ते कोठे चुकते हे पाहण्यासाठी ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेपलीकडे फारसे काही लागत नाही.

आधी वास्तव फोटॉन पाहू. प्लांक यांनी १९०० साली तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे कोडे सोडवताना ऊर्जा ठरावीक हप्त्यांत घेतली. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली प्रकाशच अशा पुंजांचा असतो असे मांडले. कॉम्प्टन यांनी १९२३ साली क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतात तेव्हा ऊर्जा आणि संवेग यांचा हिशेब दोन कणांच्या टकरीसारखा जुळतो हे दाखवले. 'फोटॉन' हे नाव रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९२६ साली वापरले. त्यांच्या मनातली कल्पना वेगळीच होती, पण नाव मात्र टिकले.

एक वॅट हिरवा प्रकाश देणाऱ्या दिव्यातून दर सेकंदाला किती फोटॉन बाहेर पडतात? सुमारे ३ वर १८ शून्ये लिहावीत इतके. त्यामुळे प्रकाश आपल्याला सलग वाटतो. पण दिवा पुरेसा मंद केला आणि समोर संवेदनशील उपकरण ठेवले तर फोटॉन एकेक करून नोंदले जातात : टिक्... टिक् टिक्... टिक्. वास्तव फोटॉनची ही ओळख. तो निघतो, वाट चालतो, मोजला जातो.

आणि तो एक अट कसोशीने पाळतो. त्याची ऊर्जा म्हणजे त्याचा संवेग गुणिले प्रकाशवेग. फोटॉनला स्थिर वस्तुमान नाही, याचा अर्थच हा. हिरवा असो, क्ष-किरणाचा असो किंवा आकाशवाणीच्या लहरीचा असो, ऊर्जा आणि संवेग यांचे गुणोत्तर बदलत नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात ही अट लक्षात ठेवावी.

फळ्यावरचे दोन हिशेब

पहिला हिशेब. एक मोकळा, स्थिर इलेक्ट्रॉन घ्या. त्याची ऊर्जा म्हणजे केवळ त्याच्या स्थिर वस्तुमानाची ऊर्जा. आता त्याने एक फोटॉन 'फेकला' असे समजा. फोटॉन एका दिशेला गेला, म्हणून इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेला सरकला. आता इलेक्ट्रॉनकडे स्थिर वस्तुमानाची ऊर्जा तर आहेच, शिवाय गतिज ऊर्जा आहे आणि वर फोटॉनची ऊर्जा आहे. बेरीज पहिल्यापेक्षा जास्त! असे होऊ शकत नाही. म्हणजे एकटा, मोकळा इलेक्ट्रॉन वास्तव फोटॉन सोडूच शकत नाही. (मग दिव्यात प्रकाश कसा निर्माण होतो? तिथले इलेक्ट्रॉन एकटे नसतात. अणुकेंद्र किंवा शेजारचे अणू जादा संवेग सामावून घेतात.) बर्फावरच्या मुलांची गोष्ट पहिल्याच चेंडूला अडते. मुलाच्या अंगात चेंडू फेकण्यासाठी साठवलेली ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनच्या पोटात असा साठा नसतो.

दुसरा हिशेब अधिक बोलका आहे. दोन इलेक्ट्रॉन सारख्याच चालीने समोरासमोर येत आहेत. ते एकमेकांजवळून जातात, दोघांच्याही दिशा बदलतात आणि ते पुन्हा त्याच चालीने दूर निघून जातात. आता विचारा : पहिल्याकडून दुसऱ्याला ऊर्जा किती मिळाली? शून्य, कारण कोणाचीच चाल बदललेली नाही. संवेग किती मिळाला? तो शून्य नाही, कारण दिशा बदलली आहे. म्हणजे दोघांमध्ये जी काही देवाणघेवाण झाली तिच्यात संवेग आहे पण ऊर्जा नाही. वास्तव फोटॉनची अट इथे साफ मोडते. ऊर्जा नसलेला फोटॉन म्हणजे वारंवारता नसलेला फोटॉन. त्याचा रंग कोणता सांगणार? हीच घटना चालत्या गाडीतून पाहिली तर देवाणघेवाणीत थोडी ऊर्जाही दिसेल, पण संवेग गुणिले प्रकाशवेग या संख्येपेक्षा ती नेहमी कमीच भरेल. कोणत्याही निरीक्षकाला ती अट पाळलेली दिसणार नाही.

याच्या अगदी उलट टोकही आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर येऊन नष्ट होतात आणि त्यातून म्यूऑनची जोडी निर्माण होते, असा प्रयोग कणत्वरकांमध्ये नेहमी होतो. मधल्या टप्प्याच्या आकृतीत एक फोटॉन काढतात. दोन्ही कणांचे संवेग समान आणि विरुद्ध असल्यामुळे त्याचा संवेग शून्य. ऊर्जा मात्र भरपूर. पहिल्या उदाहरणात संवेग होता पण ऊर्जा नव्हती, इथे ऊर्जा आहे पण संवेग नाही. दोन्ही ठिकाणी 'फोटॉन' हाच शब्द वापरतात आणि दोन्ही ठिकाणी त्याला 'आभासी' म्हणतात. अट मोडली म्हणून आभासी, एवढाच त्या विशेषणाचा अर्थ.

मग तो आहे तरी काय?

दोन इलेक्ट्रॉनांची परस्परक्रिया पुंजयामिकीने मोजायची म्हटली तर उत्तर एका झटक्यात काढता येत नाही. ते मालिकेच्या रूपात काढतात : मोठे पद, मग त्याची लहान दुरुस्ती, मग त्याहून लहान दुरुस्ती. विद्युतचुंबकीय क्रियेची तीव्रता दाखवणारी संख्या सुमारे १/१३७ इतकी लहान असल्यामुळे ही युक्ती छान चालते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी ही गणिते काटेकोर केली (तिघांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले) आणि डायसन यांनी तिघांच्या पद्धती एकच आहेत हे १९४९ साली दाखवले. मालिकेतल्या प्रत्येक पदासाठी फाइनमन यांनी एक छोटी आकृती सुचवली. सरळ रेषा म्हणजे इलेक्ट्रॉन, नागमोडी रेषा म्हणजे फोटॉन. आकृतीच्या बाहेर जाणाऱ्या रेषा वास्तव कणांच्या. दोन्ही टोके आतच असलेल्या रेषा आभासी. आकृत्या इतक्या सोयीच्या आणि देखण्या निघाल्या की हळूहळू लोक त्यांना घटनेचे छायाचित्र समजू लागले.

गणिताच्या शिक्षकांना परिचित असलेले एक उदाहरण घेऊ. केरळमधील माधव यांच्या परंपरेतून आलेली एक मालिका आहे : १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७... ही बेरीज पायच्या एक चतुर्थांशाइतकी भरते. पण वर्तुळात तो 'उणे एक तृतीयांश' कोठे बसला आहे, असे कोणी विचारत नाही. पाय काढण्याच्या दुसऱ्या मालिका आहेत, त्यांतली पदे निराळी आहेत. वर्तुळ एकच आहे.

आभासी फोटॉनची गोष्ट बरीचशी तशीच आहे. फाइनमन यांच्या पद्धतीत आकृतीच्या प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग दोन्ही अक्षय्य राहतात, मोडते ती केवळ फोटॉनची अट. त्याआधीच्या, डिरॅक यांच्या काळातल्या पद्धतीत फोटॉन आपली अट पाळतो, पण मधल्या टप्प्यावर ऊर्जेचा ताळेबंद जुळत नाही. तो शेवटी जुळतो. तिसऱ्या एका मांडणीत दोन प्रभारांमधले स्थिर विद्युतबल फोटॉनांकडे सोपवलेलेच नसते, ते सूत्रात आधीच वेगळे लिहितात. तिन्ही मार्गांनी अंतिम उत्तर एकच येते आणि प्रयोगाशी ताडून पाहता येते ते फक्त अंतिम उत्तर. मधला टप्पा मार्गागणिक बदलत असेल तर तो निसर्गातला प्रसंग आहे असे म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आभासी फोटॉन इकडून तिकडे जाणारा चेंडू नाही. ठरावीक संवेगाच्या त्या पदाला अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार स्थान नसतेच, त्यामुळे 'याच्याकडून त्याच्याकडे' या शब्दांना अर्थ उरत नाही. त्या पदात दोन्ही प्रभारांचा गुणाकार असतो. सजातीय प्रभारांचा गुणाकार धन येतो, विजातीयांचा ऋण. धन चिन्हाने प्रतिकर्षण आणि ऋण चिन्हाने आकर्षण; कूलोमच्या नियमात जे चिन्ह आपण शिकवतो तेच हे. आकृती दोन्ही वेळा एकच. बूमरँगची काहीच गरज नाही.

आणखी एक लोकप्रिय उपमा 'उसनवारी'ची आहे. अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे निसर्गाकडून थोड्या वेळासाठी ऊर्जा उसनी घेता येते, कर्ज जितके मोठे तितकी फेड लवकर, असे सांगतात. युकावा यांनी १९३५ साली केंद्रकातील बलाच्या आटोपशीर पल्ल्यावरून एका नव्या कणाच्या वस्तुमानाचा अंदाज केला. तो पल्ला आणि वस्तुमान यांचा संबंध या उपमेने चटकन लक्षात राहतो हे खरे. पण न्यूट्रॉनच्या ऱ्हासाकडे पाहा. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानांतला फरक सुमारे १३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. मधल्या आकृतीत येतो तो डब्ल्यू कण सुमारे ८,००० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. साठ हजार पटींचे कर्ज! फाइनमन यांच्या हिशेबात मात्र कोणी काही उसने घेत नाही. मधल्या रेषेवर ऊर्जा आहे तेवढीच असते. ती रेषा डब्ल्यू कणाच्या वस्तुमानाची अट पाळत नाही आणि म्हणूनच त्या पदाची किंमत फार लहान येते. न्यूट्रॉन इतक्या सावकाश, सरासरी पंधरा मिनिटांच्या आसपास, का टिकतो याचे कारण बऱ्याच अंशी या लहान किमतीत आहे.

निर्वात पोकळीत आभासी कण सारखे उकळत असतात, हे वर्णनही जपूनच घ्यावे. पोकळीची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था कालानुसार बदलत नाही; तिच्यात काही 'घडत' नाही. इथे कासिमिर परिणामाचा दाखला देतात. विद्युतप्रभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हे कासिमिर यांनी १९४८ साली गणिताने सांगितले आणि १९९७ साली लॅमोरो यांनी चांगल्या अचूकतेने मोजले. पट्ट्यांमध्ये एक मायक्रोमीटर अंतर असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर येणारे बल सुमारे १३ मायक्रोग्रॅम वजनाइतके असते. परिणाम पक्का आहे, शंका नाही. पण हेच बल पट्ट्यांमधील इलेक्ट्रॉनांच्या परस्पर आकर्षणातूनही काढता येते, पोकळीचा उल्लेख न करता. पुन्हा तेच : उत्तर एक, वाटा दोन.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग आभासी फोटॉन हे थोतांडच! तसे मुळीच नाही. इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याच्या चुंबकत्वाची किंमत, सोयीच्या एककात, बरोबर १ येते. श्विंगर यांनी १९४८ साली एका आभासी फोटॉनची पहिली दुरुस्ती मोजली आणि उत्तर १.००११६ झाले. पुढच्या पायरीला ७ आकृत्या लागतात, त्यापुढे ७२, मग ८९१, आणि पाचव्या पायरीला १२,६७२. किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पाचव्या पायरीचा हिशेब २०१२ साली पुरा केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ही संख्या १.००११५९६५२१८०५९ अशी आली आणि सिद्धांताशी ती जवळजवळ बाराव्या दशांश स्थळापर्यंत जुळते. इतके जुळणारे गणित विज्ञानात क्वचितच सापडेल. तरीही यांतली एकच आकृती वेगळी काढून तिची किंमत मागितली तर उत्तर पुष्कळदा अनंत येते! अर्थ आहे तो बेरजेला.

वर्गात काय सांगावे? माझ्या मते शाळेच्या पातळीवर 'क्षेत्र' ही कल्पना पुरेशी आहे, आणि तीच अधिक खरी आहे. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरून आपण जे दाखवतो तेच. प्रभाराभोवती क्षेत्र असते, दुसरा प्रभार त्या क्षेत्राला प्रतिसाद देतो. क्षेत्रात उठलेली, उगमापासून सुटून दूर निघालेली लहर पुंजांच्या रूपात मोजली जाते, ते वास्तव फोटॉन. उगमाला चिकटून राहिलेले, न सुटलेले क्षेत्र आकृत्यांच्या भाषेत मांडले की त्याला आभासी फोटॉन म्हणतात.

सुटलेले आणि न सुटलेले क्षेत्र यांतला फरक आता स्वयंपाकघरातही दाखवता येतो. इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यातून साधारण २५ हजार हर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह वाहतो. या वारंवारतेच्या लहरीची तरंगलांबी भरते १२ किलोमीटर. पातेल्याचा तळ मात्र वेटोळ्यापासून जेमतेम सेंटिमीटरभर दूर. बारा किलोमीटरची लहर सेंटिमीटरभर जागेत मावणार कशी? तरीही त्या जागेतून हजार-दीड हजार वॅट शक्ती पातेल्यात जाते आणि दूध उतू जाते. सेंटिमीटरभर अंतरात बदलणाऱ्या या क्षेत्रात संवेग गुणिले प्रकाशवेग ही राशी ऊर्जेच्या सुमारे दोन लाख पट निघते. वास्तव फोटॉनच्या अटीपासून इतके दूर! पातेले उचलले की ऊर्जा जाणे थांबते, कारण घेणारा नसेल तर देणे नाही. आकाशवाणीच्या मनोऱ्याचे तसे नसते. एफ. एम. लहरींची तरंगलांबी तीन मीटर. गावातले सगळे रेडिओ बंद असले तरी मनोऱ्यावरून ऊर्जा निघून जातच राहते.

या दोहोंच्या मध्ये पक्के कुंपण नाही. काटेकोर पाहिले तर कोठेतरी निघून कोठेतरी शोषला जाणारा प्रत्येक फोटॉन दोन घटनांच्या मधली रेषाच असतो, आणि प्रवास जितका लांब तितकी त्याची अट अधिक नेमकी पाळली जाते. दिव्यापासून दोन मीटरवरच्या पुस्तकापर्यंत आलेल्या हिरव्या प्रकाशात अट मोडण्याला वाव उरतो तो दोन कोटींत एका भागाइतका. सुमारे सव्वाचार वर्षे चालून आलेल्या प्रॉक्सिमा ताऱ्याच्या प्रकाशाबाबत तर ही संख्या सांगण्यात अर्थ नाही, इतकी ती लहान आहे.

कुंपण नसल्याचा सर्वांत सुंदर पुरावा जिनीव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये मिळाला. फर्मी यांनी १९२४ सालीच दाखवले होते की वेगाने जाणाऱ्या प्रभाराभोवतीचे क्षेत्र चपटे होते आणि शेजारून पाहणाऱ्याला ते प्रकाशाच्या झोतासारखेच भासते. शिशाच्या केंद्रकावर ८२ प्रोटॉनांचा प्रभार असतो. अशी दोन केंद्रके प्रकाशवेगाच्या अगदी जवळच्या वेगाने, एकमेकांना न शिवता, शेजारून निघून जातात तेव्हा त्यांची क्षेत्रे एकमेकांतून जातात. त्या क्षेत्रांतले फोटॉन आकृतीच्या भाषेत आभासी, पण फोटॉनची अट जवळजवळ पाळणारे. अ‍ॅटलास प्रयोगाने २०१७ साली अशा १३ घटना जाहीर केल्या, २०१९ साली आणखी ५९. (त्यांतल्या काही घटना इतर कारणांनीही घडू शकतात, तो हिशेब वजा करूनही परिणाम शिल्लक राहतो.) प्रत्येक घटनेत दोन्ही केंद्रके आपापल्या वाटेने पुढे गेली, त्यांच्या क्षेत्रांतला प्रकाश प्रकाशावर आदळला आणि एरवी पूर्ण रिकाम्या राहिलेल्या उपकरणात समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक फोटॉन नोंदला गेला.